दुबईहून दारूच्या बाटल्या आणायच्या तर कस्टम किती लागते? गाव वर्धा जिल्ह्यात आहे

हळदवाला_समुद्रपूर

नमस्कार मंडळी, एक अडचण आहे, घरी याबद्दल कोणालेच काही माहीत नाही म्हणून इथं विचारून रायलो. माझा लहान भाऊ दुबईले वेल्डर आहे, तीन वर्ष झाले त्याले जाऊन, आता बहिणीच्या लग्नाले पहिल्यांदाच घरी येऊन रायला. तिकीट दुबई ते मुंबई आहे, पुढं रेल्वेनं सेवाग्रामले उतरतो म्हणते, तिथून मी गाडी घेऊन जाईन त्याले आणाले.

परवा व्हिडिओ कॉलवर म्हणे दादा मी चार बाटल्या आणतो, लिटर लिटरच्या. दोन मामाजीसाठी, एक जावयाच्या मोठ्या भावासाठी अन् एक आपल्या दोस्तांसाठी. त्याच्या रूमवरच्या एका पोट्ट्यानं सांगितलं का चार लिटरपर्यंत काहीच लागत नाही. दुसरा म्हणते दोनच लिटर चालते अन् तिसरी सापडली का सगळं सामानच जप्त. आता याच्यात खरं काय ते कसं समजावं. उन्हाळ्यात तिथं लोखंडाले हात लावता येत नाही, हातमोज्यातून चटका बसते, असे पैसे आहेत ते. लग्नाच्या आठ दिवस आधी पोरगा एअरपोर्टवर अडकून पडला, त्याच्या नावावर काही केस झाली अन् परत जायचे वांधे झाले तर आमच्या घराचं कसं होईल? आईनं तर दोन दिवसांपासून घोर लावून घेतला.

तर विचारायचं हे का किती बाटल्या चालते, जास्तीची आणली तर पैसे किती भरावे लागते, अन् एकदा कस्टममधून मोकळी झाली का मग घरापर्यंत आणाले काही अडचण नाही न?

अकोल्याचा_फिटर

भाऊ मी अकरा वर्ष आखातात काढले, दर दोन वर्षाला सुट्टीवर येत होतो, त्यामुळं हे सगळं अंगावरून गेलं आहे. एका माणसाले दोन लिटर, बस. व्हिस्की म्हणा वाईन म्हणा का बिअर, सगळं मिळून दोन लिटर. अन् मुंबईत उतरल्यावर बेल्टच्या आधी जे ड्युटी फ्रीचं मोठं दुकान लागते तिथून घेतलेली बाटली पण याच दोन लिटरमध्ये मोजते. लोकांचा गैरसमज असा असते का तिकडून दोन आणल्या अन् इथं उतरून अजून दोन घेतल्या तर चालते, दुकान सरकारच्या परवानगीचंच आहे म्हणून. नाही चालत.

चार लिटरचं जे त्याले सांगितलं न, ते कुठून आलं ते सांगतो. चार लिटर हा दुबईचा स्वतःचा नियम आहे, दुबईत शिरणाऱ्या माणसासाठी. तिथं एअरपोर्टवर पाट्यांवर पण दिसते अन् रूमवरचे पोट्टे तेच घोकत रायते. भारतात उतरणाऱ्याले त्याचा काही उपयोग नाही. दारूचा नियम आपण जिथं उतरतो तिथला लागते, जिथून निघालो तिथला नाही.

माझ्यासोबत काय झालं ते पण सांगतो म्हणजे तुम्हाले अंदाज येईल. एका वर्षी मी तिकडून दोन लिटरच्या बाटल्या घेतल्या अन् उतरल्यावर एका एअरपोर्टवर अजून एक घेतली, पिशवी हातातच होती. ग्रीन चॅनलमधून सरळ निघालो, मनात काही पाप नव्हतं, मले वाटलं इथली बाटली वेगळी असते. मोठ्या बॅगेवर आधीच खडूनं फुली मारलेली होती ते माझ्या ध्यानातच आलं नाही. साहेबानं बाजूले बोलावलं, बॅग परत मशीनमधून काढली, बाटल्या टेबलावर रांगेत ठेवल्या अन् विचारलं घरचे कोणी सोबत आहे का. मी म्हटलं नाही. मग म्हणे तिसरीचे पैसे भरा नाहीतर इथंच सोडा. बाटली २,८०० रुपयाची होती, तिच्यावर ४,२०० रुपये लागले. म्हणजे एक बाटली ७,००० ले पडली भाऊ, त्याच्याहून कमी पैशात ती आपल्या इकडं वाईन शॉपमध्ये भेटत होती. पावती भेटली, रीतसर काम झालं, पण त्या टेबलापाशी उभं रायल्यावर जे पाय कापते न, ते मी अजून विसरलो नाही. भावाले दोनच आणाले सांगा.

अजून एक, सिगारेट आणत असेल तर ती फक्त १०० नग चालते. ड्युटी फ्रीमध्ये जो लांब बॉक्स भेटते त्याच्यात २०० असते. एक बॉक्स घेतला का तो दुप्पट झाला, हे नव्वद टक्के पोट्ट्यांले माहीतच नसते.

नागपूर_क्लिअरिंग

मी नागपूरला कार्गो क्लिअरिंगमध्ये काम करतो, प्रवाशांचं बॅगेज माझ्याकडे येत नाही पण कायदा तोच आहे म्हणून लिहितो. अकोल्याच्या दादांनी जे सांगितलं ते बरोबर आहे, थोडं पुढचं सांगतो.

दोन लिटरच्या वर जी दारू असते तिच्यावर १५० टक्के ड्युटी लागते. ३,००० ची बाटली असेल तर ४,५०० ड्युटी. बिअरला १०० टक्के. बाकी सामानासाठी जी रुपयांची सूट असते तिचा इथं फायदा नाही, म्हणजे मी टीव्ही नाही आणला, कपडे नाही आणले, मग माझी सूट उरली त्यात दारू बसवा, असं म्हणता येत नाही. दारूचं माप लिटरमध्ये आणि माणशी. दोघं भाऊ सोबत आले तर दोन दोन लिटर दोघांचे, पण एकाची उरलेली सूट दुसऱ्याच्या नावावर जोडता येत नाही आणि लहान पोराच्या नावावर दारू धरायचा तर प्रश्नच नाही.

तिसरी सापडली तर सगळं जप्त, हे तसं खरं नाही आणि अगदी खोटंही नाही. सगळं अवलंबून आहे तुम्ही कोणत्या दारातून निघालात त्याच्यावर. कस्टम ॲक्ट १९६२ च्या ७७ कलमात प्रवाशानं आपल्या सामानाचं डिक्लरेशन द्यायचं असतं. जास्तीचं आहे आणि तुम्ही स्वतःहून रेड चॅनलला जाऊन सांगितलं, तर ड्युटी भरा, पावती घ्या, निघा, यात कसलीही केस नाही. ग्रीन चॅनलमधून जाणं म्हणजेच माझ्याकडे ड्युटी लागण्यासारखं काही नाही असं तुम्ही सांगितलं असं धरतात. तिथं सापडलं तर मग ती वस्तू जप्त होऊ शकते, सोडवायला दंड वेगळा, वरून पेनल्टी वेगळी. अकोल्याच्या दादांना साहेबांनी समजून घेतलं, प्रत्येक वेळी तसं होईल असं धरून चालू नका.

आणि एक कलम आहे ८०, ते कोणी सांगत नाही. तुमचा भाऊ सुट्टी संपली की परत दुबईला जाणार आहे न? मग चुकून जास्त आणलंच आणि ड्युटी भरायची नसेल, तर खरं डिक्लरेशन देऊन ती बाटली कस्टमकडं ठेवून पावती घेता येते आणि देश सोडताना परत घ्यायची विनंती करता येते. पण आधी खरं सांगितलेलं असलं पाहिजे, पकडल्यावर हे कलम आठवून काही होत नाही. बिल मात्र जपून ठेवा म्हणावं, बिल नसलं तर किमतीवरून वाद होतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे, तुम्ही तो शेवटी सहज विचारून टाकला. कस्टमनं दोन लिटर सोडली म्हणजे फक्त आयात शुल्क माफ झालं. ते केंद्राचं काम. दारू जवळ बाळगायची, न्यायची, प्यायची परवानगी हा राज्याचा विषय आहे आणि आपल्या राज्यात त्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. मुंबई, नागपूर, अकोला इथंसुद्धा कायद्यानं परमिट लागतं, वर्षाचं १०० रुपये, आयुष्यभराचं १,००० रुपये, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइन निघतं, वय २५ पूर्ण पाहिजे. लोक काढत नाहीत ती गोष्ट वेगळी. पण वर्धा जिल्हा तर १९७४ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. तिथं ना दुकान ना बार. तुमचा भाऊ मुंबईच्या कस्टममधून अगदी स्वच्छ, पावती घेऊन बाहेर पडेल आणि सेवाग्राम स्टेशनवर उतरला की त्याच दोन बाटल्यांसाठी गुन्ह्यात सापडेल. ड्युटी फ्रीचं बिल तिथं कामाचं नाही. नागपूरचं परमिट दाखवून वर्ध्यात बाटली बाळगता येईल असंही धरून चालू नका.

हळदवाला_समुद्रपूर

अरे बापा, हे तर ध्यानातच आलं नाही. आम्ही जन्मापासून दारूबंदीत राहून रायलो अन् तरी डोक्यात असं बसलं होतं का ती बंदी म्हणजे इथल्या गावठीसाठी, चोरून विकणाऱ्यांसाठी. बाहेर देशातून बिलानं आणलेली सीलबंद बाटली त्याच्यात येईल असं वाटलंच नाही.

पण एक विचारतो, रागावू नका. गावात तर भेटतेच. पुलगावचा पूल ओलांडला का धामणगाव, तिकडं उघडी दुकानं. नागपूरकडून जामपर्यंत रोज गाड्या येते. मग लग्नाघरी ठेवलेल्या दोन बाटल्यांले कोण येऊन पाहणार आहे? भावानं हौसेनं कबूल केलं आहे मामाजीले, त्याचं मन मोडाले जड जाऊन रायलं.

आर्वीची_लेक

दादा तुम्ही रागावू नका म्हटलं म्हणून रागावत नाही, पण सांगते. भेटतेच हे वाक्य मी लहानपणापासून ऐकून राहिले. माझे बाबा त्याच भेटतेच मध्ये गेले. आमच्या घरी दोन एकर वावर होतं, बंदीच्या जिल्ह्यात, आणि ते बंदीच्या जिल्ह्यातच विकल्या गेलं. आई सांगते की कापसाचा चुकारा घेऊन बाबा बाजारातून निघाले की ती दारात कंदील घेऊन बसायची, माणूस येते का पैसा येते ते पाहत.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बायांनी नाल्याकाठचा मोहाचा सडवा पकडून दिला. पाच ड्रम होते, जमिनीत अर्धे गाडलेले, वर पऱ्हाटी टाकून झाकलेले. पोलिसांसमोर आम्हीच ते उपडे केले, त्या आंबलेल्या सडव्याचा वास दोन दिवस नाल्यातून गेला नाही, साड्यांना पण धुवूनसुद्धा राहिला. त्यातल्या एका बाईच्या नवऱ्यानं तिला त्या रात्री मारलं. ती दुसऱ्या दिवशी तरी मीटिंगला आली. म्हणून सांगते, गांधीजींचा सेवाग्राम आश्रम आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून बंदी आहे एवढंच लोक सांगतात, पण ती बंदी टिकवून धरणाऱ्या बाया गावागावात आहेत. त्यांच्यासमोर मांडवात दोन विदेशी बाटल्या निघाल्या तर उद्या आम्ही गावठीवाल्याला कोणत्या तोंडानं बोलायचं? तो पहिले हेच म्हणेल की दुबईची चालते आणि माझी चालत नाही का.

आणि कोण पाहणार आहे म्हणता, तर लग्नसराईत नाकाबंदी असतेच. कोणी मुद्दाम फोन केला, भाऊबंदकीतलंच कोणी, तर मांडवातून नवरीच्या भावाला उचलून नेतील. दोन बाटल्यांसाठी बहिणीच्या लग्नाला हे पाहायची वेळ येऊ नये. तुमच्या भावाला माझ्याकडून सांगा, तीन वर्षांनी येऊन राहिलास, मामाजीला तू दिसलास तेवढं पुरे आहे.

चातगावकर

ताईशी पूर्ण सहमत. मी गडचिरोलीचा, आमच्याकडं १९९३ पासून बंदी आहे, बायांच्या आणि गावागावच्या लोकांच्या चळवळीतून आलेली, डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांनी त्यात किती काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावचा एक पोरगा मर्चंट नेव्हीत आहे, तो दरवेळी येताना बाटली नागपूरलाच मावशीकडं ठेवून येतो, इकडं आणतच नाही. आजपर्यंत त्याला कोणी कंजूष म्हटलं नाही.

वरोऱ्याचा_सोयाबीन

जिल्ह्याजिल्ह्याचा फरक नीट पाहून घ्या मंडळी. आमच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती अन् २०२१ मध्ये उठली, तेव्हा इंटरनेटवर जुनं काही वाचून चंद्रपूर अजून बंदीत आहे असं समजू नका. आज विदर्भात बंदीचे दोन जिल्हे, वर्धा अन् गडचिरोली. गंमत नाही सांगत, हिंगणघाटहून आमच्याकडं पाहुणे येते तेव्हा आम्ही जेवणाआधीच सांगून ठेवतो का परत जाताना गाडीत काही ठेवू नका. एका सोयऱ्याची मोटरसायकल अर्ध्या भरलेल्या एका बाटलीपायी जप्त झाली, सोडवता सोडवता त्याची पेरणीची वेळ निघून गेली.

वणीकर_९

मधातच विचारतो, इंग्लंडशी करार झाला म्हणते, स्कॉचची ड्युटी कमी होणार. मग हे १५० टक्के पण कमी होईल का?

नागपूर_क्लिअरिंग

वणीकर भाऊ, तो करार २४ जुलै २०२५ ला सही झाला. त्यात ब्रिटनच्या व्हिस्कीवरची ड्युटी १५० वरून ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. पण तो व्यापारी मालासाठी, कंटेनरनं येणाऱ्या. बॅगेतल्या बाटलीचा हिशोब त्याच्यावरून करू नका, दोन लिटरचं माप जसंच्या तसं आहे.

हळदवाले दादा, तुमच्यासाठी एक रस्ता सुचवतो, पटला तर पाहा. मामाजी राहतात कुठं? जर नागपूरला कोणी जवळचं असेल तर भावाला मुंबईहून रेल्वेनं येऊ देऊ नका, कारण गाडी वर्ध्यावरूनच नागपूरला जाते आणि समृद्धी महामार्गानं आला तरी मधात वर्धा जिल्हा लागतोच. मुंबई ते नागपूर विमान करा. बाटली मुंबईत बॅगा घेतल्यानंतर कस्टममधून बाहेर पडून मग चेक-इन बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत नाही, ड्युटी फ्रीची सीलबंद पिशवी असली तरी पुढच्या देशातल्या विमानाच्या सिक्युरिटीत वाद होतो. ७० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली बाटली विमानात चालतच नाही, २४ ते ७० च्या मधली माणशी पाच लिटरपर्यंत चेक-इनमध्ये चालते, कंपनीचं सील असलं पाहिजे. बॅगेत मधोमध ठेवून चारी बाजूनं जाडे कपडे, जीन्स वगैरे. नागपूरला ज्याला द्यायची त्याच्या नावानं परमिट काढून ठेवा. आणि तिथून पुढं समुद्रपूरला येताना गाडीत काहीही नको, बुच उघडलेली तर नकोच नको.

अकोल्याचा_फिटर

हे बेस्ट आहे. अन् भावाले सांगा बिल अन् बोर्डिंग पास एकाच पाकिटात ठेव, वरच्या खिशात. बेल्टवरून बॅग उचलली का आधी तिच्यावर खडूची खूण आहे का ते पाहा. अन् मनात जराशी जरी शंका असली तर रेड चॅनलले जाऊन विचार. विचाराले गेलेल्या माणसाले मी तरी कधी कोणी रागावलेलं पाहिलं नाही.

हळदवाला_समुद्रपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशी बोललो, सगळं वाचूनच दाखवलं त्याले, ताईचं पण. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणे दादा रूमवर अजून दोघं जण सुट्टीवर निघून रायले, त्यायले पण चार लिटरचंच माहीत आहे, तू हे मले पाठव, मी त्यायले दाखवतो. त्यातला एक देवळीचाच आहे.

आमचं आता असं ठरलं. आमची मोठी आत्या नागपूरले मानेवाड्याले राहते, फुवाजीले वर्षातून दोन चारदा घ्यायची सवय आहे, त्यायचं परमिट काढाले टाकलं. भाऊ एकच लिटरची बाटली आणते, त्यायच्यासाठी, मुंबईहून नागपूरले विमानानं. रेल्वेचं तिकीट रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले, जाऊ द्या. मी आत्याकडंच जाईन त्याले घ्यायले, अन् तिथून मोकळ्या बॅगेनं जामवरून गावात.

मामाजीले मीच फोन केला. मले वाटलं होतं नाराज होतील. ते म्हणे अरे मले तर डॉक्टरनं दोन वर्षांपासून बंद केली, त्या पोराचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हणत होतो. त्याले म्हणा मले तिकडचा खजूर आण, अन् तो एक जाडा ब्लँकेट आणते न लोकं, दोन माणसांचा, तो आण. ब्लँकेटले कस्टम लागते का कोणाले माहीत असेल तर सांगा, एकच आहे.

अकोल्याचा_फिटर

एक ब्लँकेट अन् खजुराले काही लागत नाही भाऊ. मी दरवेळी आणले, दोरीनं बांधून. फक्त वजन पाहा म्हणा, ब्लँकेट सहा सात किलोचा भरते.